पत्र्याच्या खोलीत गिनीपिग आणि बजी: कमी पैशांत थंडी कशी काढावी?

शेवंती_निफाड (धागालेखिका)

नमस्कार मंडळी. आम्ही निफाडजवळ एका वस्तीवर भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. वर पन्हाळी पत्रे, खाली शहाबादी फरशी, आणि भिंत जिथे पत्र्याला भिडते तिथे पत्र्याच्या प्रत्येक लाटेखाली बोटभर फट. निफाडची थंडी तुम्ही दरवर्षी बातम्यांत ऐकताच. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा येतो ना, तो आमच्या घरापासून फार लांबचा नाही. काही वर्षी तो पाचच्याही खाली जातो.

घरात दोन गिनीपिग आहेत, भुरी आणि चिंगी. शिवाय बजींची एक जोडी. (दुकानात त्यांना लव्हबर्ड म्हणून विकतात, पण ते बजरीगर.) मुलगा चौथीत आहे, त्याचा सगळा जीव यांच्यात. गेल्या वर्षी गिनीपिग तीन होते. जानेवारीत एका पहाटे कापशी कोपऱ्यात गारठून पडलेली सापडली. मी चुलीजवळ नेली, अंगाला तेल चोळलं, पण तासाभरात गेली. ज्या दुकानातून आणले त्याला विचारलं होतं, तर म्हणाला होता, "केस आहेत की अंगावर, थंडीला काही होत नाही."

यंदा तसं होऊ द्यायचं नाही. पण घरात येणारा पैसा सगळा द्राक्षाच्या हंगामावर, आणि तो हंगाम अजून सुरू व्हायचाय. या कामासाठी मी फार तर ५०० रुपये काढू शकते, तेही सगळ्या हिवाळ्यासाठी. आमचं वीजबिल महिन्याला ८० युनिटच्या आसपास असतं. हीटर घ्यायचा विचार नाही. घरातल्या वस्तूंतून काय करता येईल? पोतं, गोधडी, बल्ब, काहीही सांगा.

---

पिंजऱ्याबाहेर

ताई, कापशीबद्दल वाईट वाटलं. यात तुमचा दोष नाही, सांगणाऱ्यानेच चुकीचं सांगितलं. गिनीपिगला साधारण १८ ते २४ अंश मानवतं. हा प्राणी मुळात दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरांतला, तिथे थंडी असते हे खरं. पण तो घोळक्याने बिळात-गवतात दडून राहणारा. उघड्या पिंजऱ्यात, फरशीवर, तिघांतला एक बाजूला पडला की केस असूनही गारठतो.

पहिलं विचारते: पिंजरा जमिनीवर ठेवता का?

---

शेवंती_निफाड

हो, जमिनीवरच. खाली रद्दीचा पेपर. बजींचा पिंजरा खिडकीच्या गजाला टांगलेला.

---

निवृत्त_मास्तर

मग उष्णता आणायच्या आधी आहे ती जाते कुठून ते बघा. मी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घरातली ऊब तीन वाटांनी निघून जाते. शहाबादी फरशी अंगाखालची ऊब शोषत राहते, पेपरच्या चार घड्यांना ती दाद देत नाही. पत्र्याखालच्या फटींतून वारा येतो आणि ऊबदार हवा वरून निघून जाते. तिसरा स्वतः पत्रा. निरभ्र रात्री तो आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडतो. म्हणून तर पहाटे त्याला आतून दव धरतं आणि थेंब टपकतात. ते थेंब पिंजऱ्यात पडले की बिछाना ओला, आणि ओला बिछाना कोरड्या थंडीपेक्षा कितीतरी वाईट.

तेव्हा आधी हे करा. पिंजरा फरशीपासून निदान फूटभर वर घ्या, चार विटांवर फळी टाकली तरी चालेल. आतल्या भिंतीला लावा, म्हणजे दोन खोल्यांच्या मधल्या. बाहेरच्या भिंतीला आणि खिडकीला नको. पत्र्याच्या फटींत जुने कपडे, गोणपाटाचे बोळे कोंबा. याला एक रुपयाही लागत नाही. हे न करता बल्ब लावलात, तर तो बल्ब निफाडचं आकाश तापवत बसेल.

---

शेवंती_निफाड

सर, उद्याच करते. पण फटी सगळ्या बुजवल्या तर कोंडणार नाही का? आम्ही चौघं याच खोलीत झोपतो.

---

निवृत्त_मास्तर

बरोबर शंका. सगळ्या बुजवू नका. पिंजरा आहे त्या बाजूच्या बुजवा, लांबच्या भिंतीवरच्या उघड्या ठेवा. हवा खेळायला हवी, फक्त ती त्यांच्या अंगावरून जायला नको.

---

गावरान_कोंबडी

आमचा संगमनेर तालुक्यात छोटा पोल्ट्री शेड आहे. ब्रुडिंगमध्ये (म्हणजे नव्या पिल्लांना ऊब देऊन वाढवताना) आम्ही जे करतो तेच तुमच्या कामाला येईल.

एक दिवसाच्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. बल्बचा हिशेब पिल्लामागे २ वॅटचा धरतात. पण शेडवर थर्मामीटरपेक्षा आम्ही पिल्लांकडे बघतो. सगळी बल्बखाली एकावर एक चढली तर थंडी वाजतेय. कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकतात तर गरम होतंय. सगळीकडे पसरून दाणे टिपतात तर बरोबर.

गिनीपिगचं तसंच करा. ऊब एकाच बाजूला द्या, दुसरी बाजू मोकळी. कुठे बसायचं ते त्यांना ठरवू द्या. अख्खा पिंजरा तापवला तर त्याला पळायला जागा राहत नाही.

आणि बल्ब जुना तारेचाच घ्या. एलईडीने काही होणार नाही, त्याचं सगळं काम उजेड देण्याचं. तारेचा बल्ब घेतलेल्या विजेतली ९० टक्क्यांच्या वर उष्णता म्हणूनच टाकतो. आपल्याला तीच हवीय.

---

वायरमन_येवला

बल्बचा खर्च काढून देतो, म्हणजे ताईंना ठरवता येईल.

४० वॅटचा बल्ब रात्री ११ ते सकाळी ७ म्हणजे ८ तास. रोजचं ०.३२ युनिट, महिन्याचे साडेनऊ-दहा युनिट. तुमचे ८० आहेत, म्हणजे ९० होतील. महावितरणचा पहिला टप्पा १०० युनिटपर्यंत आहे, त्याच्या आतच राहता. १००० वॅटचा हीटर तेवढाच वेळ लावला तर रोजचे ८ युनिट, महिन्याचे २४०. मग तुम्ही ३०० च्याही वर जाता आणि वरच्या युनिटचा दर चढा लागतो. हीटरचा विचार सोडलात ते योग्यच केलंत.

ज्याला आपण झिरोचा बल्ब म्हणतो (जुना, तारेचा), तो झिरो नसतो. १५ वॅट खातो आणि तेवढीच ऊब देतो. छोट्या खोक्याला तो पुष्कळ होतो. महिन्याला साडेतीन युनिट.

आता कळकळीने सांगतो. होल्डर चिनी मातीचा घ्या, प्लास्टिकचा तापून वितळतो. बल्ब पिंजऱ्याच्या बाहेर, मधे लोखंडी जाळी. कापड, गवत, कागद बल्बपासून किमान फूटभर लांब. गिनीपिग वायर कुरतडतो, म्हणून वायर त्याच्या तोंडाला लागेल अशी नकोच. आणि बल्बवर गोधडी कधीही टाकू नका, एका रात्रीपुरतीही नाही. गोधडीने पेट घेतलेलं घर मी पाहिलं आहे.

---

सुगरण_मालेगाव

आमच्या आजी मातीच्या शेगडीत कोळसे घालून खोलीत ठेवायच्या. सगळं घर ऊबदार व्हायचं. खर्च काहीच नाही. पिंजऱ्याशेजारी ठेवून बघा.

---

पशुवैद्य_वऱ्हाड

सुगरणताई, आजींचा अनुभव खरा आहे, पण कृपा करून हे करू नका. ताईंनीही नाही आणि वाचणाऱ्या कुणीही नाही.

कोळसा अर्धवट जळताना कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. आजींच्या जुन्या घराला कौलं होती, धूर आणि वायू निघायला शंभर वाटा होत्या. आता आपण फटी बुजवायला सांगतोय, त्याच खोलीत शेगडी म्हणजे चार माणसांच्या जिवाशी खेळ. आणि पक्षी माणसाच्या कितीतरी आधी जातात. त्यांची श्वसनसंस्था हवेतून वायू फार झपाट्याने उचलते. ब्रिटनच्या कोळसा खाणींत याच कारणासाठी कॅनरी पक्षी खाली न्यायचे, आणि १९८६ मध्ये कुठे त्यांच्या जागी यंत्रं आणायचं ठरलं.

याच यादीत आणखी काही गोष्टी घाला. डासांची कॉइल, धूप, उदबत्तीचा दाट धूर पक्ष्यांच्या खोलीत नको. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्याच्या लेपातून निघणारी वाफ बजींना काही मिनिटांत मारते, माणसाला कळतही नाही. तुम्ही दोन खोल्यांत राहता, स्वयंपाक जवळच होत असणार, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आणखी एक, जे दर हिवाळ्यात बघतो. ट्रंकेतून गोधडी, स्वेटर काढतात आणि तशीच पिंजऱ्यावर टाकतात. त्यात डांबरगोळ्या असतात. त्या गोळ्यांतलं नॅप्थलीन लहान प्राण्यांच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतं. गोधडी आधी धुवा, दोन-तीन दिवस कडक उन्हात टाका. वास पूर्ण गेल्यावरच वापरा.

---

सुगरण_मालेगाव

डॉक्टर, बरं झालं सांगितलंत. आमच्याकडे अजून बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवतात. आजच घरी सगळ्यांना वाचून दाखवते.

---

शेवंती_निफाड

मी काल गोधडी ट्रंकेतूनच काढली होती. वास होता. आता दोरीवर टाकली आहे.

मिस्टर पॅकहाऊसमधून द्राक्षाची पुठ्ठ्याची खोकी आणतात, फाटकी-दबलेली तिथे टाकूनच देतात. ती चालतील का?

---

पिंजऱ्याबाहेर

चालतील काय, त्याहून चांगलं काही नाही! पन्हाळी पुठ्ठ्याच्या दोन थरांमध्ये हवा अडकलेली असते, तीच ऊब धरते. असं करा: एक मोठं खोकं, त्यात एक लहान खोकं, आणि दोघांच्या मधल्या जागेत चुरगाळलेली रद्दी किंवा सुकं गवत गच्च भरा. लहान खोक्याला दोन दारं कापा, म्हणजे दोघींत भांडण झालं तर एकीला बाहेर पडता येतं. छत ठेवा, पण बुटकं. खोकं जेवढं लहान तेवढं त्यांच्याच अंगाच्या उबेने तापतं. दोघी अंगाला अंग लावून बसतील एवढंच.

पुठ्ठा त्या कुरतडतील, कुरतडू द्या. चिकटपट्टी आणि स्टेपलच्या पिना तेवढ्या आधी काढा. महिन्याने खोकं बदला, तुम्हाला फुकटच आहेत. मासळीवाल्याकडचे थर्माकोलचे डबे मिळाले तर ते फक्त बाहेरून लावा, पिंजऱ्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना. आत थर्माकोल कधीच नको, ते खाऊन आतडी तुंबतात.

---

गावरान_कोंबडी

बिछान्यासाठी भाताचा पेंढा किंवा चांगलं वाळलेलं गवत घाला, चार बोटं जाड. सुताराकडचा रंध्याचा भुसा (त्या कुरळ्या साली) पण चालतो, मात्र प्लायवूड-एमडीएफची बारीक धूळ नको, छातीत जाते. देवदारासारखं वासाचं लाकूडही नको. आणि ओला कोपरा रोज सकाळी काढा. लघवीचा अमोनिया बंद खोक्यात साचला की त्यानेच न्यूमोनियाला वाट मिळते. थंडीच्या दिवसांत आमच्याकडे पिल्लं मरतात ती पुष्कळदा गारठ्याने नाही, पडदे घट्ट लावून कोंडल्याने मरतात.

---

लेस्टरची_सून

इकडे इंग्लंडमध्येही हाच प्रश्न असतो, फक्त आकडे वेगळे. १५ अंशांच्या खाली गेलं की गिनीपिग घरात घ्यायला सांगतात. पण घरात घेतलं तरी हीटिंग रात्रभर चालू ठेवणं आम्हाला परवडत नाही. माझ्या दोघांसाठी मी जुन्या स्वेटरच्या बाह्या कापून, एका टोकाला शिवून पिशव्या केल्या. आत शिरून बसतात. लोकर सैल सुटलेली नसावी, धागा पायाला गुंडाळला जातो. दर दोन दिवसांनी बदलते, कारण आतच मुततात.

---

हॅम्स्टरवाला_पुणे

धाग्याचाच मुद्दा आहे म्हणून लिहितो. माझा हॅम्स्टर मागच्या डिसेंबरात सकाळी ताठ, थंडगार सापडला. श्वास दिसत नव्हता. बहिणीने खाली बागेत खड्डा काढायला घेतला. मी शेवटचं हातात धरून बसलो होतो, तेव्हा मिशी हलल्यासारखी वाटली. फार थंडी पडली की हॅम्स्टर निपचित पडतात, शरीराचं काम जवळजवळ थांबतं, पण जीव असतो. ओंजळीत धरून, शर्टाच्या आत घेऊन, तासभर बसलो. आधी थरथरला, मग डोळे उघडले. अजून आहे.

कुणाकडे हॅम्स्टर असेल तर घाई करू नका. आणि बिछान्याला दुकानातला तो मऊ कापूस देऊ नका, त्याचे तंतू पायाला आवळतात आणि पोटात जातात. साधा पांढरा टिश्यू पेपर फाडून द्या.

---

निवृत्त_मास्तर

गरम पाण्याच्या बाटलीचा विषय अजून कुणी काढला नाही. लोक ती वापरतातच, म्हणून तिचा हिशेब सांगतो.

१ लिटर पाणी ६० अंशांवरून २० अंशांवर येताना ४० किलोकॅलरी उष्णता देतं. विजेच्या भाषेत साधारण ४६ वॅट-तास. म्हणजे ताईंचा १५ वॅटचा बल्ब तीन तास जळला तर जेवढी ऊब मिळेल तेवढी. रात्री ११ ला बाटली ठेवली, तर तीनच्या सुमारास ती गार. आणि सगळ्यात जास्त थंडी कधी? सूर्योदयाच्या जरा आधी. म्हणजे नेमक्या त्या वेळी बाटली उलट त्यांच्याच अंगातली ऊब ओढायला लागते. पुष्कळांची फसगत इथेच होते. रात्री झोपताना सगळं छान असतं, पहाटे जनावर गेलेलं असतं.

उपाय दोन. एक म्हणजे भांडं मोठं घ्या. तेलाचा ५ लिटरचा कॅन गोणपाटात गुंडाळून खोक्याला बाहेरून टेकवला तर ऊब हळूहळू सुटते आणि पुष्कळ जास्त वेळ पुरते. दुसरा म्हणजे पहाटे पाणी बदला. उकळतं पाणी प्लास्टिकमध्ये ओतू नका, हाताला सोसवेल त्याहून थोडं गरम, बस. बूच घट्ट आहे का ते उलटं करून बघा.

---

शेवंती_निफाड

सर, तुम्ही पहाटेचं लिहिलंत आणि अंगावर काटा आला. कापशी पहाटेच गेली.

कडाक्याच्या थंडीत मिस्टर साडेतीनला उठून बागेत जातात. घडांना गारठा लागू नये, मणी तडकू नयेत म्हणून शेकोट्या करतात आणि पहाटेचं पाणी सोडतात. मी चहाला उठतेच. त्याच वेळी चुलीवर पाणी गरम असतं. इतकी वर्षं वेलींसाठी उठतोय, कॅन तेव्हाच बदलायचं सुचलं नाही.

---

वायरमन_येवला

ताई, पहाटे लाइट गेली तर बल्ब बंद पडेल आणि सवय झालेलं जनावर एकदम गारठेल. म्हणून खोकं-गवत हा मुख्य आधार धरा, बल्ब त्यावरचा जोड. कॅनची सवय तर मोडूच नका.

---

पिंजऱ्याबाहेर

आता बजींकडे येते, त्यांचं कुणी फार बोललं नाही.

पिंजरा खिडकीवरून आजच काढा. छातीच्या उंचीवर, आतल्या भिंतीला. रात्री मागून, वरून आणि दोन्ही बाजूंनी जाड सुती चादर, पुढची बाजू उघडी. पक्ष्याच्या अंगाचं तापमान ४१-४२ अंश असतं. ते टिकवायला तो पिसं फुगवून हवा अडकवतो, तीच त्याची गोधडी. थोडा वेळ फुगून बसला तर घाबरू नका. दिवसभर फुगलेला, दोन्ही पाय टेकून, शेपूट श्वासाबरोबर वरखाली होतेय, तर तो आजारी आहे.

रात्रभर डोळ्यांवर बल्ब नको. त्यांना १०-१२ तास अंधाराची झोप लागते. ऊब हवीच असेल तर झिरोचा बल्ब मातीच्या पालथ्या कुंडीखाली ठेवतात, खाली दोन कौलांचे तुकडे देऊन, कुंडीचं वरचं भोक उघडं ठेवून. कुंडी तापते, उजेड बाहेर येत नाही. वायरमनदादा, हे सुरक्षित आहे का ते तुम्हीच सांगा.

एक नेहमीची चूक. थंडीत पक्षी बसायला म्हणून पिंजऱ्यात मडकं टांगतात. बजींना मडकं म्हणजे घरटं. मादी अंडी घालायला बसते, आणि थंडीत अंडं अडकण्याचा धोका वाढतो. त्यात मादी जाते. हिवाळाभर मडकं काढून ठेवा. बसायला कडुनिंबाची किंवा पेरूची जाड फांदी द्या.

आणि दाण्याची वाटी! थंडीत ते जास्त खातात. वाटी भरलेली दिसते, पण वर नुसती फोलपटं असतात. रोज सकाळी फुंकर मारून बघा. राळे आणि बाजरी मिसळून दिलीत तरी भागतं.

---

वायरमन_येवला

कुंडीचं चालेल, पण १५ वॅटच, फार तर २५. होल्डर चिनी मातीचा, सिमेंटच्या फरशीवर स्क्रूने बसवलेला. कुंडी बल्बला टेकता कामा नये. पिंजऱ्याखाली नाही, बाजूला वीतभर अंतरावर. आणि पहिल्या दिवशी तुम्ही जाग्या असताना दोन तास लावून हात लावून बघा, मगच रात्री.

---

मत्स्यप्रेमी

आमच्याकडे फायटर मासा आहे. हीटर नाही. काय करू?

---

पिंजऱ्याबाहेर

फायटरला २४ ते २७ अंश लागतात, त्याला छोटा हीटर घ्यावाच लागेल, लिटरमागे साधारण १ वॅट. तो सतत जळत नाही, पाणी तापलं की बंद होतो. टाकीला झाकण आणि तीन बाजूंना थर्माकोल लावलंत तर फार कमी वेळ चालेल. गोल्डफिशला हीटर लागत नाही, थंडीत खाणं तेवढं कमी करा.

---

पशुवैद्य_वऱ्हाड

गिनीपिगच्या खाण्याचं राहिलं. थंडीत अंग तापवायला इंधन लागतं, आणि त्यांचं इंधन म्हणजे गवत. रात्रभर पुरेल एवढं वाळलं गवत समोर असायलाच हवं. बाजारातलं महागडं टिमोथी गवत घेतलंच पाहिजे असं नाही, बांधावरची हराळी कापून सावलीत वाळवा. फवारणी झालेल्या बागेतली मात्र अजिबात नको. निफाडमध्ये ही काळजी फार घ्यावी लागेल. लसूणघास वाढ झालेल्या गिनीपिगना रोज नको, त्यात कॅल्शियम जास्त. कोवळी ज्वारी नको, गुरांना किराळ लागते तेच विष.

माणसासारखंच गिनीपिगचं शरीर क जीवनसत्त्व बनवू शकत नाही. ते कमी पडलं की थंडीत आजार लगेच धरतो. रोज मूठभर कोथिंबीर आणि ढोबळी मिरचीची एक फोड दोघींना पुरते. फ्रिजमधली गार भाजी तशीच देऊ नका.

स्वयंपाकघरातला वजनकाटा असेल तर आठवड्यातून एकदा वजन घ्या आणि लिहून ठेवा. मोठ्या गिनीपिगचं वजन ७०० ते १२०० ग्रॅमच्या दरम्यान असतं. आठवड्यात ५०-६० ग्रॅम उतरलं तर काहीतरी बिघडलंय. डोळ्यांना दिसायच्या आधी काट्याला कळतं.

जनावर गारठलेलं सापडलं तर गरम पाण्यात बुडवू नका, तेल चोळू नका, चुलीजवळ नेऊ नका. ताई, हे तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही, आपल्याकडे सगळे हेच करतात. अंग कोरडं करून टॉवेलमध्ये गुंडाळा, आपल्या पोटाशी धरा, कोमट बाटली कापडात गुंडाळून बाजूला ठेवा. अर्धा-पाऊण तास जाऊ दे. बेशुद्धावस्थेत तोंडात काही घालू नका. शुद्धीवर आल्यावर गवत, कोथिंबीर. १२ तास काही खाल्लं नाही तर दवाखाना गाठा, त्यांचं पोट थांबलं की फार वेळ मिळत नाही. आणि तिथे हे नक्की सांगा: गिनीपिगला तोंडावाटे पेनिसिलीन, अमॉक्सिसिलीन चालत नाही. माणसांची उरलेली गोळी चुरून देणं म्हणजे मारणं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गायी-म्हशी जास्त येतात, त्यामुळे ही आठवण तुम्हीच करून द्या, कुणाला राग येणार नाही.

---

शेवंती_निफाड

(नऊ दिवसांनी)

सगळ्यांना काय झालं ते सांगते.

खर्च: चिनी मातीचे दोन होल्डर, झिरोचे दोन बल्ब, वायर आणि पिना मिळून २१० रुपये. ॲक्वेरियमचा वायरवाला डिजिटल थर्मामीटर १६०. एकूण ३७०. बाकी सगळं घरातलं.

पिंजरा विटांवर आणि फळीवर घेतला. दुहेरी खोकं केलं, मधे पेपर, आत गवत. पहिल्या दोन रात्री भुरी आत गेलीच नाही, बाहेरच बसून राहिली. मग मुलाने आत कोथिंबीर ठेवली, ती खायला गेली आणि तिथेच झोपली. चिंगी तिच्या मागोमाग. स्वेटरच्या बाहीची पिशवी मात्र दोघींनी ओढून बाहेर टाकली.

मुलगा वहीत आकडे लिहितो. काल पहाटे पाच वाजता बाहेर ७, खोलीत ११, खोक्यात १८. त्या वेळी बल्ब चालू होता आणि कॅन चारला बदलला होता. परवा रात्री लाइट गेली होती, त्या पहाटे खोक्यात १५ होते. वायरमनदादा म्हणाले तसंच झालं, कॅनने तारलं.

बजींचं मडकं काढलं. मादी दोन दिवस चिडचिडली, आता फांदीवर बसतात दोघं. चादरीची पुढची बाजू उघडी ठेवतो. कुंडीखालचा बल्ब एकदाच लावून पाहिला, पण माझं मन धजावलं नाही, मी झोपलेच नाही. काढून टाकला. त्यांच्या कोपऱ्यात रात्री ११-१२ असतात आणि ते खातात-पितात, आवाज करतात. एवढ्यावर चालेल का?

---

पिंजऱ्याबाहेर

चालेल. मोठे, निरोगी, हळूहळू थंडीला सरावलेले बजी तेवढं सहन करतात. वारा आणि ओल नको, दाणे भरपूर, झालं. मन धजावत नसेल तर न लावलेलाच बरा. फक्त त्यांना दिवसा उन्हात आणि रात्री आत असं मोठ्या फरकात नेऊ नका. कोवळं ऊन द्यायचं तर अर्धी बाजू सावलीत ठेवून, दहानंतर.

---

पशुवैद्य_वऱ्हाड

१८ फार छान. वजनं घेतलीत?

---

शेवंती_निफाड

हो. भुरी ९१०, चिंगी ८४०. पुढच्या रविवारी परत घेतो.

---

सिन्नरहून

ताई, आजच धागा सगळा वाचला. माझ्या मुलीकडे एकच गिनीपिग आहे, आणि आमचीही खोली पत्र्याचीच. दुहेरी खोक्यासाठी एवढ्या मापाची खोकी इथे मिळत नाहीत. तुमच्याकडे जास्तीची असतील तर मी येऊन नेईन. त्याला सोबत नाही, तर खोकं अजून लहान करू का?

---

शेवंती_निफाड

हो, अजून लहान करा, आणि गवत जास्त भरा. दुसरीच्या अंगाची ऊब त्याला मिळणार नाही. कॅन दोन ठेवा, एक मागे आणि एक बाजूला.

रविवारी दुपारी या, मिस्टर घरी असतात. पाच मोठी आणि पाच लहान खोकी बाजूला काढून ठेवली आहेत, पिना माझ्या मुलाने काढल्या आहेत. हराळीचा एक भारा वाळला आहे, तोही घेऊन जा.